अंगणात आणलेली पायपेटी

नमस्कार श्रोतेहो.

आज एका फोटोची गोष्ट सांगायची आहे. फोटो १८८७ सालचा. गाव अमेरिकेतलं, नेब्रास्का राज्यातलं, सार्जंट नावाचं. ते कस्टर काउंटीत येतं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ब्रोकन बो, म्हणजे मोडकं धनुष्य. टपाल कचेरीसाठी पाठवलेली आधीची नावं वरून नामंजूर होऊन येत होती. मग तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या तळावर सापडलेल्या मोडक्या धनुष्यावरून हे नाव पाठवलं आणि ते मंजूर झालं. गावाला नाव मिळालं ते टपालापायी. हे लक्षात असू द्या, कारण पुढे पुन्हा टपालच येणार आहे.

१८६२ च्या कायद्याने तिकडे १६० एकर सरकारी जमीन मिळायची. पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. पूर्वेकडून माणसं आली आणि बघतात तर झाड नाही. नुसतं गवत, नजर पोचेल तिथवर गवत. मग घर बांधायचं कशाने? तर त्याच जमिनीने. नांगराने गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापायच्या आणि विटांसारख्या एकीवर एक रचायच्या. या लाद्यांना लोक नेब्रास्काचा संगमरवर म्हणत. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण पाऊस लागला की छतातून चिखल ठिबकायचा. माळवदाच्या घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

अशा माळावर १८८६ पासून सॉलोमन बुचर नावाचा फोटोग्राफर गाडीत कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा, म्हणजे त्या काळच्या निगेटिव्ह, घालून फिरत होता. सगळ्या जिल्ह्याचा इतिहास फोटोंतून मांडायचा, हा त्याचा ध्यास. तो घरासमोर कुटुंबाला उभं करायचा. एका फोटोत टेबल बाहेर मांडून त्यावर कलिंगड ठेवलंय आणि मागे गाय थेट छपरावर चढल्यासारखी दिसते, कारण घर टेकाडाला टेकून बांधलेलं. दुसऱ्या एका फोटोत मातीच्या घरापुढे चार ख्रिसमन बहिणी उभ्या आहेत. त्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती, आणि या बहिणींनी ती मागितली. आपल्याकडे आजही जन्मभर रानात राबलेल्या कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही. मला हे फार लागतं. घरातल्या पुरुषांनी आपण होऊन तलाठ्याकडे जावं आणि ते नाव लावून घ्यावं, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते, आणि आज इथेही सांगितलं.

आता तो फोटो. सार्जंटजवळच्या हिल्टन कुटुंबाकडे बुचर पोचला. घर तसंच, लाद्यांचं. पण या घरात एक वस्तू अशी होती की तिची मालकीण तिच्यावर जीव टाकत होती. ऑर्गन. पायाने भाता हलवायचा आणि हातांनी वाजवायचं, ते. आपल्याकडे पायपेटी म्हणतात ते. जुन्या संगीत नाटकात रंगमंचासमोर बसून वाजवायचे, तेच हे वाद्य. म्हणजे आपल्या पेटीची थोरली बहीणच.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. पेटी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते याच रेडिओवर १९४० साली आलेलं बंधन. पेटी बंद. तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही, ती आपल्या रागसंगीताची नाही, असं मोठमोठ्यांचं मत होतं. १९७१ पर्यंत ते बंधन होतं. तीस वर्षांहून जास्त! खेड्यापाड्यातली भजनी मंडळं ज्या पेटीवर उभी राहिली, गोरगरिबाच्या पोराला ज्या पेटीने पहिला सा दिला, ती आकाशवाणीच्या दाराबाहेर. माझ्या मते तो अन्याय होता, आणि याच माध्यमातून तो बोलून दाखवता येतो याचं मला समाधान आहे.

असो. तर हिल्टनबाई. झाड नसलेल्या माळावर, ठिबकत्या छताखाली, त्या घरात ऑर्गन आहे. पूर्वेकडे राहिलेल्या मैत्रिणींना कळायला हवं की आमच्याकडे ऑर्गन आहे. फोटोवाला आयता दारात आलेला. पण अडचण काय? ऑर्गनसह फोटो काढायचा तर घर दिसणार. आणि ते घर मैत्रिणींना दाखवायची बाईंची मुळीच तयारी नव्हती. मातीचं घर फोटोत येता कामा नये. ऑर्गन मात्र यायलाच हवा.

मग त्यांनी काय केलं? ऑर्गन बाहेर काढला. श्रोतेहो, पायपेटी उचलून पाहिली असेल तर ठाऊक असेल, ती एकट्याने हलत नाही. ते लाकडी धूड दारातून काढून मोकळ्यावर नेलं, गुरांच्या आवाराकडे, घराकडे पाठ होईल असं. त्याच्याभोवती सगळं कुटुंब उभं राहिलं. बुचरने प्लेट घातली, फोटो घेतला. आणि मग? मग तो ऑर्गन उचलून पुन्हा घरात नेला.

तो फोटो मी कितीतरी वेळा पाहिलाय. उघड्या आभाळाखाली ऑर्गन, त्याच्याशी माणसं, मागे गुरं. घर फोटोत नाही. पुन्हा सांगते, घर फोटोत नाही. पण मला त्या फोटोत सगळ्यात आधी घरच दिसतं. कुणी हसू नये त्या बाईंना. मुंबईत चाळीत राहून गावी धाडायचा फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे काढून घेणारी माणसं आपण पाहिली आहेत. मागे महाल, कारंजं, पायऱ्या. गावाकडे काळजी नको म्हणून. मला हे खोटं वाटत नाही, माया वाटते.

आता पोस्टकार्डांचं थोडक्यात. १९०२ मध्ये बुचर केअर्नी गावी गेला आणि मुलाबरोबर फोटो छापलेल्या पोस्टकार्डांच्या धंद्यात पडला. काळही तोच होता. १९०३ ला कोडॅकने पोस्टकार्डाच्या आकाराची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा काढला. १ मार्च १९०७ पासून कार्डाच्या मागे डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता चालू लागला. त्याआधी मागे फक्त पत्ता, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. तिकीट एक सेंट. १९०८ च्या जूनपर्यंतच्या एका वर्षात अमेरिकेत ६७ कोटींहून जास्त कार्डं गेली, आणि लोकसंख्या होती नऊ कोटींच्या आत. धान्याची कोठारं, रेल्वे स्टेशन, गावचा मुख्य रस्ता, मळणीचं यंत्र, पूर आला तर पूर, सगळं कार्डावर. हिल्टनबाईंनी ऑर्गन बाहेर ओढून जे केलं, ते पुढे अख्ख्या गावांनी केलं.

अशी कार्डं हाती आली तर उलटून बघा. पुढचं चित्र सगळेच बघतात. मागे तिकिटाच्या चौकोनात एझो (AZO) असं फोटोच्या कागदाचं नाव छापलेलं असेल आणि त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील, तर तो कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. आणि तिथेच कुणीतरी लिहिलेलं असतं: पीक बरं आहे, आईला सांग.

१८९९ मध्ये बुचरचं घर जळालं. लिहून ठेवलेलं सगळं गेलं. काचेच्या प्लेटा मात्र धान्याच्या कोठीत होत्या, त्या वाचल्या. आज नेब्रास्काच्या इतिहास संस्थेत, लिंकन शहरात, त्या तीन हजारांवर आहेत. फोटोसोबत ऑर्गनची हकीकतही टिकली, म्हणून मी आज ती सांगू शकले.

आमच्या घरी पाच बायकांचा एक फोटो आहे. चौघी ओळखू येतात. डावीकडची, नथ घातलेली, कोण ते सांगणारं आता कुणी उरलं नाही, आणि मागे काही लिहिलेलं नाही.

तुमच्या घरात सांगणारं माणूस अजून असेल, तर आज संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांच्याशेजारी फोटो घेऊन बसा. मागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने लिहा, नाव, गाव, साल. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर ओढून काढू नका, सावकाश सोडवा.

नमस्कार.