व्हिपेट : गिरणी कामगारांचा शर्यतीचा घोडा

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांनी आपल्याकडचा कारवानी कुत्रा पाहिला आहे, त्यांना व्हिपेटची ओळख करून देणे सोपे आहे. तेच लांबट निमुळते तोंड, तीच खोल छाती, तेच पाठीला लागलेले पोट. उंची मात्र कमी. नर व्हिपेट खांद्यापाशी साधारण 47 ते 51 सेंटिमीटर भरतो आणि मादी त्याहून थोडी ठेंगणी असते. दोघेही वासापेक्षा नजरेच्या बळावर शिकार करणारे. पण कारवानी दख्खनच्या मोकळ्या माळावर घडला, तर व्हिपेट घडला उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या यांच्या सावलीत. त्याचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर कामगारांच्या त्या वस्त्यांतच गेले पाहिजे, असे मला वाटते.

लँकेशायर, यॉर्कशायर, डरहॅम या भागांतल्या कामगाराला घोडा पाळणे स्वप्नातही शक्य नव्हते आणि ग्रेहाउंड जातीचा थोराड शिकारी कुत्रा पोसणेही जड जाई. म्हणून एकोणिसाव्या शतकात लहान चणीच्या ग्रेहाउंडचा टेरियर कुत्र्यांशी संकर होत गेला आणि त्यातून सशामागे सुटणारा, थोडक्या अन्नावर राहणारा चपळ कुत्रा तयार झाला. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवण्याचे बंधन घातले. पुढे शनिवारच्या मोकळ्या दुपारची प्रथा रुजत गेली, तसा शर्यतींनाही बहर आला.

ही शर्यत नुसती डोळ्यांसमोर आणून पाहा. सुमारे 200 यार्डांची सरळ धाव. पलीकडच्या टोकाला मालक किंवा घरातलेच कोणी हातात फडके घेऊन उभे असते. ते फडके हलवत, शीळ घालत, कुत्र्याला नावाने हाका मारत असते. अलीकडच्या टोकाला दुसरा माणूस कुत्र्याला मानेपाशी आणि शेपटीच्या मुळाशी धरून वाकलेला असतो, आणि पिस्तुलाचा बार होताच तो त्याला अक्षरशः पुढे भिरकावतो. अंतर तोडून कुत्रा त्या फडक्यावर झेप घेतो आणि दातांत घट्ट पकडून त्याला लोंबकळतो. कुत्र्यांच्या वजनानुसार कोणी किती मागून सुटायचे, हे ठरवले जाई. ‘गरिबाचा शर्यतीचा घोडा’ हे नाव या कुत्र्याला मिळाले, ते या मैदानांवर.

ताशी 56 किलोमीटरच्या आसपास पोहोचणाऱ्या या वेगाचे रहस्य त्याच्या लवचीक कण्यात आहे. भरधाव धावताना एकाच ढांगेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा शरीर पूर्ण ताणलेले असताना आणि एकदा पाय पोटाखाली आवळलेले असताना. स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकातला एक बदलही काही व्हिपेटमध्ये आढळतो, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तो बदल एकाच पालकाकडून आला, तर कुत्रा अधिक वेगवान होतो. दोघांकडूनही आला, तर तो पहिलवानासारखा बेढब फुगतो.

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने 1890 च्या सुमारास या जातीला मान्यता दिली. 1926 मध्ये मँचेस्टरला यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावू लागले आणि हळूहळू फडक्याच्या शर्यती मागे पडल्या.

व्हिपेटचा शांतपणा मात्र टिकला, आणि मला त्याचेच अधिक मोल वाटते. कामगाराच्या घरात कुत्र्यासाठी वेगळी जागा कुठली असणार? चाळीतल्या एका खोलीत अख्खा संसार मांडणाऱ्या आपल्या गिरणगावाला हे समजावून सांगायला नको. भिंतीला भिंत लागून असलेल्या अशा घरात सतत भुंकणारा किंवा मुलांवर गुरगुरणारा कुत्रा खपला नसता. आजचा व्हिपेटही क्वचितच भुंकतो, दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो आणि आवाज चढवून दरडावले, तर अंग चोरून कोपऱ्यात जातो. पटांगणात मांजर दिसले, की मात्र कितीही हाका मारा, तो वळत नाही. म्हणून उघड्या रस्त्यावर त्याचा पट्टा सोडू नये. कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे थंडी त्याला सोसत नाही. रात्री तो नाकाने पांघरुणाची कड उचलतो, आत शिरतो, एक गिरकी घेतो आणि तुमच्या पोटऱ्यांना पाठ टेकवून झोपी जातो.