गळाला काय लावाल?

नमस्कार श्रोतेहो. पाऊस सरून खाडीचं गढूळ पाणी निवळायला लागलं, की कोकणात जेटीवर, पुलाखाली, कातळावर गरवणारी मंडळी दिसू लागतात. चारा कोणता चांगला, असं त्यांना विचारा. बहुतेक जण सांगतील, जिवंत कोळंबी.

मला हे अर्धंच पटतं. कोळंबी सगळ्यांना आवडते, आणि अडचण नेमकी तीच आहे. पालू, तांबोशी, जिताडा तिच्यावर येतात खरे, पण त्यांच्याआधी बोटभर मासे येऊन तिला कुरतडून जातात आणि आपण रिकामा गळ ओढत बसतो. तरीही लावायचीच असेल, तर तिचं डोकं उजेडात धरून बघा. आत काळसर ठिपका दिसतो. तो चुकवून, डोक्यावरच्या करवती काट्याच्या बुडाशी, आरपार दिसणाऱ्या भागातून बारीक गळ घाला. ठिपक्याला गळ लागला, की कोळंबी संपलीच.

मोठ्या माशासाठी माझी पसंती बोयीला, म्हणजे खाडीतल्या बोय या लहान माशाला. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात, रत्नागिरीकडे खजुरी आणि गोव्यात चोणक, तो मासा सावज चावत बसत नाही. तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढतो. त्यामुळे वीतभर बोयसुद्धा त्याला मोठी वाटत नाही, आणि बोटभर चोरांना ती झेपत नाही. शिवाय बोय चिवट. खारं पाणी चालतं, निमखारं चालतं, आणि खाडीत पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकला की तिथल्या तिथे मिळते. पाण्याला ओढ असेल तर गळ वरच्या ओठातून घाला, म्हणजे ती प्रवाहाकडे तोंड करून पोहत राहते. पाणी संथ असेल तर पाठीच्या वरच्या मांसातून. कण्याला मात्र धक्का नको.

तारली दिसायला चकचकीत, पण हात लागला की खवले सुटतात आणि बादलीत ती फार वेळ तग धरत नाही. होडीतून सुरमईसाठी गरवायचं असेल तर तारली किंवा लहान बांगडा ठीक. सुरमई शेपूट छाटून नेते, म्हणून दुसरा गळ शेपटीकडे हवा, आणि तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीच्या, टोकाला तारेचा तुकडा. नाहीतर चारा जाईल आणि गळही.

लहान खेकड्याकडे फार कुणी बघत नाही. नांग्या काढा, कवचाच्या मागच्या कोपऱ्यातून गळ घाला आणि खडकाजवळ सोडा. बारक्या माशांना तो फुटत नाही. पालूच्या दाढा मात्र असलं कवच फोडण्यासाठीच असतात. वाट बघावी लागते, एवढंच.

यातलं काहीही निवडा, पण बादलीकडे लक्ष हवं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. बादली सावलीत ठेवा, चारा मोजका भरा, पाणी बदलत राहा, बॅटरीवरचा हवेचा पंप मिळाला तर उत्तम. गारव्यासाठी बर्फ बंद बाटलीतूनच ठेवा. सुटा टाकलात तर गोडं पाणी मिसळतं, आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही.

चारा गळावर मेला तर बदला. मेलेल्या चाऱ्याच्या वासावर शेंगटी येते. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो, तेव्हा गळ सोडवायला हात नको, पक्कड वापरा.