आडवी लाट, उभा किरण

(काळोख. पाच सेकंद काहीच नाही. मग डावीकडे एक हिरवी रेघ उमटते, वर चढते, विरते.)

ही रेघ नीट पाहा. हिच्यामागे प्रोजेक्टर नाही, लेझर नाही, आपोआप माना वळवणारे दिवेही नाहीत. एक जुना हॅलोजनचा प्रोफाइल स्पॉट आहे, म्हणजे भिंगातून रेखीव झोत टाकणारा दिवा. त्यावर हिरवं जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, आणि समोर आरशासारख्या चकचकीत प्लास्टिक फिल्मचा हातभर तुकडा. फिल्मच्या खालच्या पट्टीला एक दोरा बांधलाय. तो ज्याच्या हातात आहे, तो मुलगा थोड्या वेळाने दिसेल.

(विंगेतलं सामान. दिवे, वायरींची वेटोळी, गुंडाळलेलं पांढरं कापड.)

नाटकाच्या एका प्रवेशात ध्रुवीय प्रकाश हवा होता, उत्तरेच्या आकाशात लहरणारा तो हिरवा पडदा. हाताशी होतं ते सगळं या चौकटीत आहे. दोन प्रोफाइल, सहा एलईडी पार, म्हणजे पसरट झोताचे रंगीत दिवे, मागे सायक्लोरामा, म्हणजे रंगमंचामागचा मोठा पांढरा पडदा, आणि उरलेलं झिरझिरीत कापड. भाड्याने काही आणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

(प्लास्टिकचा ट्रे, पाणी, तळाशी आरशाचे तुकडे. पडद्यावर हलती जाळी.)

सुरुवात झाली जुन्या युक्तीने. पाण्यात आरसा ठेवायचा, तिरका प्रकाश टाकायचा आणि पाणी हलवायचं. पडद्यावर काय आलं ते दिसतंच आहे. दोरेवाला मुलगा म्हणाला, "ताई, हे तर मत्स्यालय झालं." ताई, म्हणजे प्रकाशयोजना करणारी, काही बोलली नाही. ट्रे उचलला. तसंही पाणी आणि वायरी एका विंगेत ठेवू नयेत.

पाण्याच्या लाटा सगळीकडे धावतात, म्हणून प्रकाशाची जाळी होते. आकाशातला प्रकाश जाळीसारखा नसतो, तो उभ्या झालरीसारखा असतो. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहामुळे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनना वेग मिळतो. ते क्षेत्ररेषा धरून खाली येतात आणि वातावरणातल्या ऑक्सिजनवर आदळतात. ध्रुवांजवळ या रेषा जवळजवळ उभ्या असतात, म्हणून किरणही उभे. शंभरेक किलोमीटर उंचीवर हवा दाटते आणि इलेक्ट्रॉन तिथेच अडतात. त्यामुळे खालची कड रेखीव, वरची मात्र विरत गेलेली. नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्कलंड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्वात काचपेटीत चुंबकीय गोळा ठेवून हा प्रकाश पेटीतच उमटवला होता. आमची पेटी रंगमंचाएवढी, आणि चुंबक नाही.

(जवळून: फिल्म. दोन लाकडी पट्ट्या. बोटं खालची पट्टी वर सरकवतात, फिल्मला पोक येतो.)

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवलाय. फिल्म ताठ असली की पडद्यावर नुसता हिरवा ठिपका. खालची पट्टी जराशी वर घेतली की फिल्ममध्ये आडव्या लाटा पडतात आणि ठिपका उभा ताणला जातो. आडवी लाट, उभा किरण. लाट उभी केली तर किरण आडवा पडतो. तेही करून पाहिलं, सूर्यास्त दिसला.

(पुन्हा तीच हालचाल, अर्ध्या वेगाने.)

आरसा एक अंश वळला की परतणारा किरण दोन अंश वळतो. सहा मीटरवरच्या पडद्यावर ते अंतर वीतभर होतं. म्हणून इथे जोर लागत नाही. पंखा लावला तर फिल्म फडफडली आणि आकाशाला हिवताप भरला. पंखा भिंतीकडे वळवून बरं झालं, पण खरं जमलं ते दोऱ्याने.

(मुलाची बोटं. दोरा. मागे पडद्यावर झुलणारा प्रकाश.)

तो मोजत नाही. श्वास घेतो तेव्हा दोरा थोडा वर, सोडतो तेव्हा खाली. जाहिरातीत नाव यायला हवं ते या कामासाठी.

या फिल्मसमोर एलईडी पार चालत नाही. त्यात दिव्यांचे बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाणा आपली वेगळी रेघ काढतो. लाल एकीकडे, निळी दुसरीकडे. हॅलोजनचा प्रकाश लहानशा तारेतून येतो, म्हणून रेघ एकसंध. फक्त गडद जिलेटिन बराचसा प्रकाश गिळतं, तापतं आणि मधोमध फिकं पडतं. फिल्मही दिव्यापासून लांब हवी, नाहीतर वाकडी होते.

(कापड टांगताना. खालची कड नागमोडी. जमिनीवर पार, पुढे काळ्या पुठ्ठ्याचे डोंगर.)

पार लागले ते इथे. झिरझिरीत कापड नागमोडी टांगलं, खालून घासून जाणारा प्रकाश दिला. दिव्याजवळची कड ठळक, वर जाईल तसा प्रकाश मंद. आकाशात असतं तसंच, फुकटात. कापडावर आगरोधक द्रावण मारलंय. ते चित्रीकरणात नाही.

रंगाचं थोडं. खरा हिरवा ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, जरासा पिवळसर. एलईडीचा हिरवा निळ्याकडे झुकतो. त्यात चिमूटभर लाल मिसळला की तो औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखा दिसायचा थांबतो. दोनशे किलोमीटरच्या वर ऑक्सिजन लाल प्रकाश देतो, ६३० नॅनोमीटरचा. हिरव्याला उजळायला सेकंदही लागत नाही, लालला दीड-दोन मिनिटं लागतात. म्हणून हिरवा नाचू दे, लाल मात्र वरच्या बाजूला संथ राहू दे. ताईने लाल पार वरच्या बारवर लावला आणि एकदा चढवल्यावर हात लावला नाही.

(पडद्यावर प्रकाश पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. धक्के दिसतात.)

हे धक्के पाहा. डीएमएक्स म्हणजे दिव्यांना कमी-जास्त व्हायचा हुकूम पोचवणारी पद्धत. तिच्या साध्या वाहिनीवर शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या. प्रकाश साठ सेकंदांत वीस टक्क्यांवर न्यायचा तर ५१ पायऱ्या मिळतात. प्रत्येक पायरी सेकंदाहून लांब, आणि अंधारात डोळ्याला ती खुपते. उपाय साधा: पारच्या तोंडाशी पांढऱ्या कापडाचे थर, आणि दिवा ऐंशी टक्क्यांपर्यंत. उजेड तेवढाच, पायऱ्या चौपट. हॅलोजनची तार हळूहळू तापते, तिला हा त्रास नाही.

(काळोखात एक नट. चेहऱ्यावर फिकट निळसर प्रकाश.)

हिरवा चेहऱ्यावर आला की नट आजारी दिसतो. म्हणून चेहऱ्याला बाजूने फिकट निळा, तोही पडद्यावर सांडणार नाही असा. आधीचा प्रवेश मंद ठेवला, कारण डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो. बाहेर जायच्या वाटेची पाटी झाकलेली नाही. ती झाकायची नसते.

(पूर्ण दृश्य. चाळीस सेकंद निवेदन नाही.)

प्रयोग झाला, प्रवेश चार मिनिटांचा होता. कॅमेरा आत नव्हता.

(रिकामा रंगमंच. मुलगा फिल्म सोडवतो.)

फिल्म गुंडाळून ठेवायची, घडी घालायची नाही. एकदा चुणी पडली की जात नाही, आणि पुढच्या प्रयोगाला आकाशात नेमकी तिथेच चीर दिसते.