पानात नसलेली नीळ

(दृश्य : सकाळ. ट्रॉलीतून हिरव्या पेंढ्या उतरतायत.)

तमिळनाडू, विळुप्पुरम जिल्हा. पहाटे कापलेला पाला ऊन चढायच्या आत हौदाशी पोचायला हवा, म्हणून कुणी बोलत नाही, पेंढ्या फक्त हातोहात सरकतायत. कमरेएवढं वाढणारं झुडूप. इथे त्याला अवुरी म्हणतात. आपल्याकडे नीळ, जुन्या लोकांच्या तोंडी गुळी. वनस्पतिशास्त्रात इंडिगोफेरा टिंक्टोरिया. तूर-हरभऱ्याच्याच कुळातलं, मुळांच्या गाठींत नत्र धरून ठेवणारं. म्हणजे पीक निघालं तरी जमीन उपाशी राहत नाही.

(दृश्य : तळहातावर पाला, अगदी जवळून.)

हे पान नीट बघा. निळं यात काहीच नाही. चुरगळलं तर रसही हिरवाच. मात्र तेच चुरगळलेलं पान थोडा वेळ तसंच ठेवा. कडेला काळपट निळी झाक येते.

पानात असतं ते इंडिकन. रंग नसलेला, पाण्यात विरघळणारा पदार्थ. इंडॉक्सिल नावाचा रेणू यात ग्लुकोजच्या दाव्याला बांधलेला असतो. बांधलेला आहे तोवर गरीब. हे दावं सोडणारं विकर त्याच पानात असतं, पण पान जिवंत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. (लघवीच्या तपासणीत ज्यांनी इंडिकन हा शब्द वाचला असेल त्यांच्यासाठी : ते वेगळं. नाव तेवढं सारखं.)

(दृश्य : वरचा हौद. पेंढ्यांवर बांबू, बांबूंवर लाकडी तुळया.)

पेंढ्या रचल्या, वर बांबू आडवे टाकले, त्यावर तुळया दाबून बसवल्या. पाला तरंगला की काम बिघडलं. मग पाणी सोडायचं, सगळं बुडेपर्यंत.

रात्रीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. खरं तर खरी घडामोड रात्रीच होते, पण ती कॅमेऱ्याला दिसली नसतीच. पान भिजतं, कुजायला लागतं, पेशी फुटतात, विकर इंडिकनपर्यंत पोचतं आणि दावं सुटतं. ग्लुकोज एकीकडे, इंडॉक्सिल पाण्यात.

(दृश्य : दुसरी सकाळ. वरच्या हौदाचं बूच निघतं, पाणी खालच्या हौदात कोसळतं.)

हा रंग कॅमेऱ्यात जसा आलाय तसाच डोळ्यांनाही दिसत होता. पिवळा, हिरवा, उन्हात चमकणारा. वास मात्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे तुमचं नशीब.

(दृश्य : माणसं खालच्या हौदात उतरतात. पायांनी पाणी उडवणं. हे दृश्य कापू नये.)

आता हवा लागते. मोकळ्या इंडॉक्सिलला हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचे दोन-दोन रेणू जोडले जातात, आणि त्या जोडीचं नाव नीळ. हौदातलं पाणी जितकं हवेत उसळेल तितकं काम लवकर. काही ठिकाणी हे काम पंपावर होतं. इथे पायांवर. रांगेत उभं राहायचं, एक पाय मागे, मग पुढे जोराची लाथ. सगळ्यांची लय एक. फेस पाहा : आधी पांढरट, मग हिरवट, मग कडेने निळा होत येणारा. दोन-अडीच तास हेच चालतं. मधेच एक जण पांढऱ्या वाडग्यात थोडं पाणी घेऊन उन्हात तिरपं धरतो. बारीक कण वेगळे दिसले की हात वर करतो. लाथा थांबतात.

या माणसांच्या पोटऱ्या निळ्या झालेल्या दिसतील. हंगाम संपला की ती दुसऱ्या मजुरीला जातात.

(दृश्य : जुना नकाशा, मग कारखान्याचं जुनं छायाचित्र.)

असे हौद एकेकाळी बंगाल-बिहारमध्ये गावोगाव होते. १८५९ साली बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला. चंपारणमध्ये तीनकठिया पद्धत होती, बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायचीच, आणि १९१७ साली गांधीजी तिथे पोचले. हे आपण शाळेत शिकलोय. पण त्याच्या २० वर्षं आधीच, १८९७ साली, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली होती. आडोल्फ फॉन बायर यांनी १८८३ साली निळीच्या रेणूची रचना उलगडली, १९०५ साली त्यांना नोबेल मिळालं. कारखान्यातला रेणू आणि या हौदातला रेणू एकच आहे, हे मान्य करायलाच हवं. आमचं म्हणणं एवढंच की कारखान्यातल्या निळीची सुरुवात खनिज तेलातून निघालेल्या रसायनांपासून होते आणि हिची पाल्यापासून. उरलेला चोथा खत म्हणून शेतात जातो. समोर तोच ढीग आहे, कोंबड्या उकरतायत तो.

(दृश्य : तांब्याची कढई, कापडावरचा गाळ, लाकडी दाब, वड्या.)

नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तळाला बसते. वरचं पाणी सोडून दिलं, गाळ उकळला, कापडातून गाळला, दाबाखाली ठेवला. मग दोऱ्याने कापून वड्या. सावलीत वाळवायच्या, उन्हात ठेवल्या तर तडकतात. वाळलेल्या वडीवर नख ओढलं की तांब्यासारखी चकाकी उमटते.

(दृश्य : रंगाऱ्याचा रांजण.)

आता गंमत. जी पाण्यात विरघळत नाही तिने कापड कसं रंगवायचं? रंगारी रांजणातला ऑक्सिजन संपवतो आणि तिला विरघळणाऱ्या रूपात आणतो. रांजणात चुना, आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. हो, तोच टाकळा, ज्याची कोवळी पानं पावसाळ्यात कोकणात भाजीला खुडतात. बी आंबतं, रांजणातली निळाई जाते, पाणी पुन्हा पिवळट हिरवं होतं. आता नीळ सुताच्या आत शिरू शकते.

(दृश्य : कापड रांजणातून वर येतं. आवाज फक्त पाण्याचा.)

वर आलं तेव्हा हिरवं होतं.

(दृश्य : सलग, न कापता. कापडाचा हिरवा हळूहळू निळा होतो.)

रंगारी ते पिळतो, झटकतो, हवेत धरतो आणि पुन्हा रांजणात सोडतो. अजून सहा बुड्या बाकी आहेत.