बास संपतो कुठे?

(दांडिया बाजार, बडोदे इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय आहे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकण्यासाठी कानात घालायचे इअरफोन, ज्यांना हल्लीची मुलं आयईएम (इन-इअर मॉनिटर) म्हणतात. पुढच्या दोन रांगांत बसलेली ज्येष्ठ मंडळी पाहून जरा दडपण आलंय. फैयाज खाँसाहेबांच्या गावात हा विषय! पण ज्यांना हे परदेशी खूळ वाटतं, त्यांच्यासाठी आधी एक माहिती देतो. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, उभा केला. पाहुणे परत गेले, यंत्र राहिलं, आणि त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा आपल्या लोकांनी काम केलं. त्या फिती कित्येक वर्षं कुणाला आठवत नव्हत्या, अलीकडे त्या बाहेर आल्या. म्हणजे गुजरातेत या संगीताला पन्नासावर वर्षं होऊन गेली. आणि आज ऑक्टोपॅडशिवाय, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमशिवाय, गरबा उभा राहत नाही, हे बडोदेकरांना मी वेगळं सांगायला नको.

मी नवरात्रात मैदानावर आवाजाच्या मिक्सरमागे बसतो, बाकीचं वर्ष छोट्या स्टुडिओत. त्यामुळे लोक माझ्याकडे इअरफोन विचारायला येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: “बास कसा आहे?” या प्रश्नाला मी हल्ली उत्तरच देत नाही. बास, म्हणजे खालचे जाड सूर, सगळ्यांनाच असतो. तो वरच्या बाजूला कुठे संपतो, ते विचारा. आजचं बोलणं बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

पेटीवर चला. मधली पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ. तिथून तीन सप्तकं खाली उतरा: २२०, ११०, ५५. हाउस किंवा टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा, जो धप्प असतो, त्याचा पाया साधारण इथे, पन्नास-साठच्या घरात. बासलाइन, म्हणजे खालच्या सुरांची चाल, हीसुद्धा इथेच राहते, चाळीसपासून शंभरपर्यंत. म्हणजे दोन भाडेकरू आणि खोली एकच. गाणं करणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो साइडचेन नावाची युक्ती वापरतो. किक पडली की बासलाइन क्षणभर दाबायची, किक ओसरली की सोडायची. मिनिटाला १२५ ठोके असतील तर दोन किकमधलं अंतर ०.४८ सेकंद. तेवढ्यात हे दाबणं-सोडणं उरकतं, आणि गाण्याला जी पुढे ओढणारी लय येते ती बऱ्याच अंशी त्यातूनच येते.

आता चुकीच्या इअरफोनवर काय होतं? त्याचा बास ६०ला सुरू होऊन तीनशेपर्यंत फुगलेला असतो. दोनशे ते चारशेच्या पट्ट्यात पुरुषाच्या आवाजाचा गाभा असतो, सिंथेसायझरच्या एकत्र वाजणाऱ्या सुरांची जाडी असते, टाळीसारख्या क्लॅपचं अंग असतं. तिथे बासचा लोंढा शिरला की सगळं भरून जातं. आपल्या कानाचा स्वभाव असा की खालचा मोठा सूर वरच्याला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितकासा झाकत नाही. मग किक कुठे थांबली आणि बासलाइन कुठे परतली, ते कळतच नाही, नुसतं ‘धूऽऽम’ चालू राहतं. दुकानात पहिली दहा सेकंदं हे फार भारी वाटतं. तासाभराने डोकं जड होतं. ‘या ड्रायव्हरचा (इअरफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाचा) बास वेगवान आहे’ असं जे म्हणतात ना, त्यातला मोठा वाटा ड्रायव्हरच्या जातीपेक्षा बास संपण्याच्या या जागेचा असतो, असं माझं मत आहे. शंभरच्या खाली बास मोकळेपणाने चढू द्या, पण दोनशेपर्यंत तो परत जमिनीवर आला पाहिजे.

कुणी म्हणेल, समतोल हवा तर बास चढवायचाच कशाला, कुठला सूर किती मोठा वाजतो त्याचा आलेख पट्टीसारखा सरळ ठेवा. तसं चालत नाही. १ हजार हर्ट्झचा सूर निरोगी तरुण कानाला दोन-तीन डेसिबलवर ऐकू लागतो. ४० हर्ट्झच्या सुराला त्यासाठी पन्नासच्या आसपास जावं लागतं. शिवाय मैदानावर सबवूफर छातीत वाजतो, पायाखालची माती हलते. ते काम कानातल्या एवढ्याशा डबीकडून होणं शक्य नाही. त्याची भरपाई थोडी वाढीव बासनेच होते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना आंधळ्या चाचण्यांतून, म्हणजे काय वाजतंय ते न सांगता, ऐकवून पसंतीची वक्ररेषा काढली. इन-इअरची त्यांची सुधारित रेषा २०१९ची. तिच्यातही खालचा बास मधल्या पट्टीच्या बराच वर आहे. मला ती रेषा वरच्या मध्यभागात जरा टोचरी वाटते, पण बासचा आकार त्यांनी बरोबर पकडलाय. गंमत म्हणजे तरुण आणि नवख्या कानांना बास जास्त लागतो, वय वाढलं की कमी बासही पुरतो. म्हणून नातू आणि आजोबा एकाच इअरफोनवर भांडले तर दोघंही बरोबर असू शकतात.

मधल्या भागाचं थोडक्यात. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. ती आणि बाहेरचा कान मिळून तीन हजार हर्ट्झच्या जवळचे सूर आपसूक दहा-पंधरा डेसिबलने वाढवतात. जन्मापासून आपण तसंच ऐकतो. इअरफोनने नळीचं तोंडच बंद केलं की ही नैसर्गिक वाढ बिघडते, म्हणून चांगला इअरफोन ती स्वतः भरून देतो. आलेखात तीन हजाराला डोंगर दिसला तर घाबरू नका, तो नसेल तर घाबरा. १९९१मध्ये एटिमोटिकचा ईआर-४ आला, तोच मुळी कानाचा हा हिशोब मांडून.

ट्रेबलबद्दल, म्हणजे वरच्या बारीक सुरांबद्दल, मी आलेखावर फारसा विश्वास ठेवत नाही. मोजमापाच्या नेहमीच्या कृत्रिम कानात आठ हजाराच्या जवळ एक शिखर उठतं, आणि इअरफोन किती आत घातला त्यावर ते सरकतं. त्याच्या वरचं जे चित्र असतं ते अंदाजाचं. आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांजेची जोडी, तर तिथेच वाजते! त्यामुळे ट्रेबल स्वतःच्या कानानेच तपासायचा. ऑफ-बीटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, पडणारी उघडी हॅट सलग पाच मिनिटं ऐका. प्रत्येक ठोक्याला डोळे किंचित बारीक होत असतील, तर तो जोड बाजूला ठेवा, कितीही तपशीलवार वाटला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक मॉडेलवर महिनाभर खल करतात आणि रबरी टिप्सची पिशवी उघडतसुद्धा नाहीत. कानाची नळी आणि टिप यांच्यात केसाएवढी फट राहिली की सगळ्यात आधी जातो तो खालचा बास. तुम्ही पैसे मोजले पन्नास हर्ट्झसाठी आणि तेच गळून गेले. मग तक्रार: “पातळ वाजतो हो.”

कसं घालायचं ते दाखवतो. केबल कानावरून मागे. डावा इअरफोन डाव्या हातात. उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची. याने नळी सरळ होते. मग इअरफोन आत सरकवत किंचित फिरवायचा, आणि कान सोडायचा. बाहेरचा आवाज पटकन दबला पाहिजे. आता पन्नास हर्ट्झचा सलग सूर लावा. असे सूर फुकट मिळतात. बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास वाढला तर तुमची टिप लहान आहे. काहीच बदललं नाही तर बसली. दोन्ही कान वेगवेगळे तपासा. कित्येकांना डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी लागते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फोमची टिप जास्त घट्ट बसते, ट्रेबल जरा शांत करते, पण काही महिन्यांत झिजते. आमच्या घामट उन्हाळ्यात त्याहून लवकर.

आता नावं. मध्यम किंमत म्हणजे मी पाच ते वीस हजार धरतो. त्याच्या वर पैसा भरभर वाढतो, फरक हळूहळू. ट्रूथइअरचा झीरो रेड यातल्या अगदी खालच्या टोकाला येतो. दोन डायनॅमिक ड्रायव्हर (स्पीकरसारखा पडदा हलवणारे), सौम्य ट्रेबल, आणि खोक्यात १० ओहमचा एक छोटा अडॅप्टर. तो जोडला की खालचा बास वाढतो आणि दोनशेच्या वर फारसं काही ढवळत नाही. टेक्नोसाठी मी तो लावूनच ऐकतो. खोट एकच, इअरफोनची कानात जाणारी नळी जाड आहे. लहान कानाच्या माणसाला ती दुखते. त्याच कंपनीचा हेक्सा, एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर (छोटी पट्टी हलवणारे ड्रायव्हर), जास्त नीटनेटका. संथ, वातावरणासारखं अँबियंट ऐकणाऱ्याला आवडेल, वेगवान ड्रम-अँड-बासवाल्याला कोरडा वाटेल. सेनहायझरचा आयई २०० टिपच्या बाबतीत मजेशीर: टिप नळीवर दोन ठिकाणी बसते आणि त्याने बास बदलतो. सेव्हन-हर्ट्झचा टाइमलेस प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या ड्रायव्हरच्या) जातीचा, बास घट्ट, पण वरची बाजू झगझगीत. हॅटच्या त्या परीक्षेत काहींचे डोळे बारीक होतील. एटिमोटिकचा ईआर२एक्सआर सगळ्यात खोल जातो, तीन पाकळ्यांची टिप कानात उतरवायची म्हणजे धाडस लागतं. ज्याला जमलं त्याला बाहेरचा मांडवी-रावपुऱ्याचा सगळा हॉर्न-कल्लोळ बंद.

ड्रायव्हर मोजू नका. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा उत्तम जोड आणि सहा ड्रायव्हरचा भिकार जोड, दोन्ही मी ऐकलेत. खोक्यावर जपानी कार्टूनमधल्या मोठ्या डोळ्यांच्या मुलीचं चित्र असेल तर बिचकू नका. या धंद्यातला तो रिवाजच झालाय. ४.४ मिलिमीटरच्या जॅकला बॅलन्स्ड म्हणतात, पण तो विजेच्या जोडणीचा प्रकार आहे, सुरांच्या समतोलाशी त्याचा संबंध नाही. आणि मोबाइलला जॅक नसेल तर हजार-दीड हजाराचा साधा डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावून जॅक देणारा छोटा जोड-तुकडा, यातल्या बहुतेक जोडांना पुरतो.

आवाजाचं सांगून थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला २० तास, ८६ला १०. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा गोंगाट वीसेक डेसिबलने कमी करतो, म्हणून बसमध्येही आवाज न वाढवता भागतं. नवरात्रीचे नऊ दिवस मात्र कानांना उपास द्या. मैदानावर त्यांचं आठवड्याचं रेशन पहिल्याच रात्री संपलेलं असतं.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातली दोन.)

एका काकूंनी विचारलं, हा इअरफोन मुलाने घेतला तर त्यावर नाट्यसंगीत चालेल का? काकू, उलट छान चालेल. बास दोनशेच्या आधी थांबला की गायकाचा आवाज मोकळा सुटतो, तबल्याचा डग्गा खाली स्वतंत्र घुमतो. पेटी थोडी पुढे वाटेल, तेवढं मुलाकडून इक्वलायझरमध्ये (मोबाइलमधल्या सूर कमी-जास्त करायच्या सोयीत) तीन हजाराला दोन डेसिबल कमी करून घ्या. बास फुगवलेल्या जोडावर मात्र तबलाच गातो आणि गायक साथ करतो.

मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, खिशात बारा हजार आहेत, सगळे एका जोडावर घालू का? नको. सहा-सात हजारांचा जोड घे, ज्याची केबल निघते असा. दीड हजार डोंगलला, हजार-बाराशे दोन-तीन जातींच्या टिप्सना. उरलेले महिनाभर तसेच ठेव. महिन्यानंतरही काही खुपत असेल तर आधी इक्वलायझरमध्ये ८० हर्ट्झच्या खाली दोन-तीन डेसिबल वर-खाली करून बघ. तेवढ्याने भागलं नाही तर मग दुसरा जोड बघू. मागच्या टेबलावर तीन जोड ठेवलेत, शेजारी स्पिरिटचा कापूस आहे. प्रत्येकाने टिप पुसूनच कानात घालायची, आणि आवाज निम्म्याच्या खाली ठेवूनच गाणं सुरू करायचं.