समासातला वाद

(दृश्य: हिवाळी अधिवेशनाची सकाळ. सीताबर्डी, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. रस्त्यात आडवे बांबू, बंदोबस्ताचे पोलीस.)

डिसेंबरात या बाजूला यायचं म्हटलं की नागपूरकर आधी विचारतो, आज मोर्चे किती? विधानभवनाकडे निघालेली माणसं इथेच अडवली जातात. मग दिवसभर घोषणा. त्यातली एक या शहराच्या फार जुन्या ओळखीची: वेगळा विदर्भ.

हे अधिवेशन नागपुरात भरतं तेही याच वादामुळे. २८ सप्टेंबर १९५३ ला मराठी मुलखातल्या नेत्यांमध्ये नागपूर करार झाला, तेव्हा हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. मराठी मुलखाचं एक राज्य झालं तर विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं, असं त्यात ठरलं. आता दरवर्षी त्याच तारखेला विदर्भवादी कराराची होळी करतात. राग समजतो. पण होळी करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो करार वाचलेला असतो? अखंड महाराष्ट्राच्या घोषणा देणाऱ्यांनाही हेच विचारायला हवं.

(दृश्य: जुनी कागदपत्रं, पिवळी पडलेली पानं.)

राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच अहवालातली दुसरी नोंद मात्र फारसं कुणी सांगत नाही. देशभरातून आयोगाकडे १,५२,२५० कागद आले होते. बहुतेक तारा आणि छापील ठराव. नीट विचार करून लिहिलेली निवेदनं होती साधारण दोन हजार.

दीड लाखांत दोन हजार! मला या आकड्याचं वाईट वाटतं, आणि त्या दोन हजारांबद्दल आदरही वाटतो.

(दृश्य: जुन्या घरातली पडवी. लाकडी बाक, त्यावर वर्तमानपत्र.)

आमच्या घरात हा वाद रोज सकाळी चहासोबत व्हायचा. काका कट्टर विदर्भवादी, बाबा अखंड महाराष्ट्राचे. काकाच्या हाती खरं हत्यार आलं ते १९८४ मध्ये, दांडेकर समितीच्या अहवालाने. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी जिल्हा धरून हिशेब मांडला. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य यांत राज्याच्या सरासरीच्या मागे कोण, आणि किती? तो खड्डा भरायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपये. त्यातला ३९.१२ टक्के एकट्या विदर्भाचा.

काकाने वर्तमानपत्राच्या समासात तो आकडा लिहून बाबांपुढे सरकवला. "दादा, हे पाहून घे."

बाबांनी चष्मा लावला, बातमी अख्खी वाचली. मग म्हणाले, "मराठवाड्याचा २३.५६ टक्के आहे. आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ३७.३२. म्हणजे तिकडचेही जिल्हे मागेच आहेत ना?"

"पण माणसं किती आहेत इथं? राज्याच्या चौथाईहून कमी. अन् खड्डा चाळीस टक्क्यांच्या घरात!"

बाबा गप्प झाले. "हे मात्र खरं आहे," म्हणाले.

पडवीतली ती सकाळ मला अजून दिसते. मतं दोघांचीही बदलली नाहीत. पण त्या दिवसापासून बाबांनी "अन्याय वगैरे काही नाही" असं म्हणणं सोडलं, आणि काकाने "सगळं पुण्या-मुंबईने लुटलं" असं म्हणणं. वाद पुढे सरकला. अन्याय झालाय, हे दोघांनी धरलं. आता प्रश्न असा की वेगळं राज्य केल्याने तो भरून निघेल का?

(दृश्य: पुन्हा टी-पॉइंट, संध्याकाळ. रस्त्यावर पडलेली पत्रकं.)

मागास भागांचा अनुशेष भरून काढायला वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये आली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये नव्याने हिशेब मांडला. वाचायला, खोडायला, उलटतपासणी घ्यायला कागद भरपूर आहेत. चौकात एखाद्याने ते हातात घेऊन समोरच्याला थांबवावं, एवढीच माझी तळमळ आहे.

(दृश्य: लोखंडी पेटी उघडते. वर्तमानपत्राचा कपटा, जवळून.)

तो समास काकाने कापून ठेवला होता. आकड्याखाली बाबांचं अक्षर: "वेगळं झालो तर पैसा कुठून?"

त्याखाली काकाचं, घाईतलं: "उद्या सांगतो. खनिजाचे आकडे पाहून."