दोन शब्दांची फाइल

नमस्कार. पुस्तकांची मांडणी करणारे, अंकाचं काम अंगावर घेतलेले, स्वतःचं लेखन स्वतः लावून छापायला देणारे असे बरेच जण आज इथे आहात. स्क्रायबस हे पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे मी सांगणार नाही, ते समोर संगणक घेऊनच शिकायचं. मला बोलायचंय ते काम अडल्यावर काय करायचं याबद्दल. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मदत मिळते, आणि मनापासून मिळते. ती करणारी माणसं बहुतेक वेळा आपला पोटापाण्याचा व्याप सांभाळून, रात्री जागून उत्तरं लिहितात. तुमचा कागद, तुमचा पडदा त्यांच्यासमोर नसतो. त्यांच्या हाती असतो फक्त तुमचा प्रश्न. म्हणून प्रश्न तयार करणं हा मांडणीच्या कामाचाच एक भाग आहे, असं मी मानतो.

हे मला एका पुस्तकामुळे कळलं. मजकूर दोघांनी टाइप केला होता. पानं लावून झाली आणि तपासताना दिसलं की ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ असे शब्द काही पानांवर छान उमटलेत आणि काही पानांवर ऱ चा पाय मोडलेला उघडा दिसतोय, पुढचा य वेगळा पडलाय. फॉन्ट तोच, शैली तीच, फाइल तीच. मी लिहिलं, ‘जोडाक्षरं तुटतात, कृपया मदत करा.’ सोबत एका पानाचा स्क्रीनशॉट जोडला. दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, ‘कुठली आवृत्ती? कुठला फॉन्ट? मजकूर पाठवता का?’

मग मी एक नवी फाइल केली. एक पान, एक चौकट, दोन ओळी. वरच्या ओळीत चांगल्या पानावरून उचललेला ‘दऱ्या’, खालच्या ओळीत बिघडलेल्या पानावरून उचललेला ‘दऱ्या’. पाठवल्यावर तासाभरात उत्तर आलं. दोन्ही शब्द डोळ्यांना एकच वाटले तरी आतले संकेतांक, म्हणजे संगणक अक्षरं ज्या आकड्यांनी साठवतो ते, वेगळे होते. एका टंकलेखकाच्या कळफलकावरून साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर ही न दिसणारी जोडखूण असा क्रम येत होता. दुसऱ्याच्या कळफलकावरून ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या संकेतांकांच्या मानकातला ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. माझ्या फॉन्टमध्ये मात्र अर्ध्या र चा नियम फक्त पहिल्या क्रमासाठी लिहिलेला होता.

स्क्रायबसमध्ये प्रीफ्लाइट व्हेरिफायर नावाची तपासणी आहे. गायब चित्रं, चौकटीबाहेर वाहिलेला मजकूर, फॉन्टमध्ये नसलेली अक्षरं ती पकडते. इथे तिने काहीच पकडलं नाही, कारण ऱ होता, हलन्त होता, य होता. नव्हता तो फक्त त्यांना जोडणारा नियम.

इथे थोडं थांबू या, कारण देवनागरीत अडणारे निम्मेअधिक जण याच जागी अडतात. पडद्यावर अक्षर उमटतं त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, मजकुरात साठवलेले संकेतांक. दुसरी, फॉन्टमधले आकार आणि ते कसे जोडायचे याचे नियम. तिसरी, ते नियम वाचून आकार रचणारं इंजिन. ‘कि’ लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. ती उचलून क च्या आधी बसवायची हे काम इंजिनाचं. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, हेही त्याचंच.

स्क्रायबसची १.० आवृत्ती २००३ साली आली, पण असं इंजिन त्यात कितीतरी वर्षं नव्हतं. १.४ च्या मालिकेत देवनागरी मजकूर टाकला की वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे आणि प्रत्येक जोडाक्षरात हलन्त उघडा. लोक फॉन्ट बदलून बदलून थकायचे, पण दोष फॉन्टचा नव्हताच. २०१७ मध्ये आलेल्या १.५.३ या विकासाधीन आवृत्तीत हार्फबझ हे इंजिन जोडलं गेलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला १.६.० ही स्थिर आवृत्ती त्यासह बाहेर पडली. आजही कोणाच्या तरी जुन्या संगणकावर १.४ असतं, आणि दहा वर्षांपूर्वीचं उत्तर वाचून तो म्हणतो की स्क्रायबसला मराठी जमतच नाही. म्हणून प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहा. ‘लेटेस्ट’ असं लिहू नका. ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट’ उघडा आणि तिथे दिसणारा आकडा जसाच्या तसा उतरवा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: १.६ मध्ये साठवलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही. मदत करणाऱ्याकडे कुठली आवृत्ती आहे हे आधी विचारलेलं बरं.

दोष तिन्हींपैकी कशाचा, हे घरबसल्या शोधायची एक साधी युक्ती आहे. तोच शब्द, तोच फॉन्ट, लिबरऑफिसमध्ये टाकून बघा. तेही हार्फबझच वापरतं. दोन्हीकडे सारखंच तुटत असेल, तर संशय मजकुरावर किंवा फॉन्टवर घ्या. तिथे नीट आणि स्क्रायबसमध्ये तुटकं असेल, तर स्क्रायबसमधली मांडणी किंवा खुद्द प्रोग्राम तपासायचा. मग तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये बघा. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही फॉन्ट सहज मिळतात. या दोन चाचण्यांचे निकाल प्रश्नात लिहिलेत की उत्तर देणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

माझ्या पुस्तकाचं पुढे काय केलं, तेही सांगतो. मजकूर बदलून एकसारखा करता आला असता. तसं न करता मी दोन्ही क्रम ओळखणारा फॉन्ट घेतला. तोच मजकूर उद्या दुसऱ्या कशात तरी जाणार आहे. एका फॉन्टच्या उणिवेसाठी शुद्ध लिहिलेलं बिघडवायला माझं मन धजलं नाही.

जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर आला की प्रकरण आणखी नाजूक होतं. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फॉन्ट बदलला की पानभर रोमन कचरा दिसतो तो त्यामुळेच. हा मजकूर रूपांतरकातून काढावा लागतो, आणि काही रूपांतरक अर्धा र आणि रफार यांची गल्लत करतात. ‘डोंगरदऱ्या’ची ‘डोंगरदर्या’ होते, आणि डोंगराला थेट समुद्र जोडला जातो. ‘आचाऱ्यास’ जेवण सांगायचं ते ‘आचार्यास’ सांगितलं जातं. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. हे माणसाच्या डोळ्यानेच वाचावं लागतं. रूपांतरित मजकुराबद्दल काहीही विचारायचं असेल तर तो रूपांतरित आहे, हे आधी सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

फॉन्टबद्दल नेहमी येणारा आणखी एक प्रश्न: ‘बोल्डचं बटण कुठे आहे?’ नाही. स्क्रायबस अक्षर फुगवून खोटा ठळकपणा आणत नाही. फॉन्टच्या कुटुंबात ठळक वजनाची वेगळी फाइल असेल तर ती निवडायची, नसेल तर ठळक नाही. छापून आल्यावर अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजलेल्या मी पाहिल्यात, त्यामुळे हे धोरण मला पूर्ण पटतं. आणि ल, श यांची मराठी वळणं हवी असतील तर मराठीसाठीच घडवलेला फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी हा त्यातला एक, आणि तो मोफत आहे.

आता फाइल लहान कशी करायची ते. समजा शहाण्णव पानांची फाइल आहे आणि पीडीएफ करताना प्रोग्राम बंद पडतो. आख्खी फाइल कोणाला पाठवू नका. तिची प्रत करा आणि प्रतीतली निम्मी पानं काढून टाका. अजूनही बंद पडतो? मग दोष उरलेल्या निम्म्यात. नाही पडत? मग काढलेल्या निम्म्यात. पुन्हा अर्धी करा. अठ्ठेचाळीस, चोवीस, बारा, सहा, तीन… सात वेळात तुम्ही एका पानावर येता. त्या पानावरच्या वस्तू एकेक काढा. शेवटी एक चित्र उरतं किंवा एक चौकट उरते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त नेमकं शीत शोधून काढायचं. पुष्कळदा शोधता शोधताच उत्तर सापडतं आणि विचारायची वेळच येत नाही.

स्क्रिप्टकडे, म्हणजे कामं आपोआप करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे वळू या. स्क्रायबसमध्ये त्यासाठी पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आहे, आणि ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिलेला नाही अशा मांडणीकारांनीही त्याला हात लावावा असं मला कळकळीने वाटतं. एक उदाहरण देतो. मजकूर चौकटीत मावला नाही की चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल खूण येते. शंभर पानांत ती डोळ्यांनी शोधायची म्हणजे एखादी सुटणारच. स्क्रिप्टमध्ये हे काम थोडक्यात होतं. ‘पेजकाउंट’ने पानं मोजा, ‘गोटूपेज’ने एकेका पानावर जा, ‘गेटपेजआयटम्स’ने त्या पानावरच्या वस्तू मिळवा आणि प्रत्येकीला ‘टेक्स्टओव्हरफ्लोज’ विचारा. किती अक्षरं बाहेर राहिली, ते ते सांगतं.

मी हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा तिसऱ्याच पानावर थांबलं. त्रुटीसंदेश दहा ओळींचा होता. तो खालून वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत ‘रॉंगफ्रेमटाइपएरर’ होतं, म्हणजे चौकटीचा प्रकार चुकला. तिसऱ्या पानावर चित्र होतं आणि मी चित्राला विचारत होतो की तुझा मजकूर मावला का! ‘गेटपेजआयटम्स’ प्रत्येक वस्तूच्या नावासोबत तिच्या प्रकाराचा आकडाही देतं, आणि मजकुराच्या चौकटीचा आकडा ४. तेवढी एक अट घातली आणि काम झालं.

जुनी स्क्रिप्ट कुठून तरी मिळाली आणि चालत नसेल तर आधी ‘प्रिंट’च्या ओळी बघा. १.५.६ पासून स्क्रायबस पायथन ३ वर आलं, आणि पायथन २ मध्ये कंसाशिवाय चालणारा प्रिंट आता चालत नाही. फॉन्ट सापडत नाही असा संदेश आला तर ‘गेटफॉन्टनेम्स’ने यादी काढा. तिथे नाव कुटुंब आणि वजन मिळून असतं, आणि तुम्ही नुसतं कुटुंबाचं नाव दिलेलं असतं. आणि ‘सेटटेक्स्ट’ जपून वापरा. मजकूर बदलण्यासाठी ते वापरलंत तर मधल्या तिरप्या, ठळक शब्दांचं रूप जातं. प्रतीवर चालवा, मूळ फाइलवर नको.

स्क्रिप्टबद्दल विचारताना त्रुटीसंदेश फोटो काढून पाठवू नका, मजकूर म्हणून चिकटवा. फोटोतून कोणी ओळ उचलून चालवून बघू शकत नाही.

फाइल पाठवायची वेळ आली की दोन गोष्टी बघा. स्क्रायबसची फाइल चित्रं पोटात घेत नाही, ती कुठे आहेत याचा फक्त पत्ता ठेवते. नुसती फाइल पाठवली तर समोरच्याला रिकाम्या चौकटी दिसतात. ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरलंत तर फाइल, चित्रं आणि सांगितलंत तर फॉन्टही एका फोल्डरमध्ये गोळा होतात. पण फॉन्ट सोबत द्यायचा की नाही, हे त्याच्या परवान्यावर ठरतं. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट बिनधास्त द्या. विकत घेतलेला असेल तर फक्त नाव आणि आवृत्ती कळवा. आणि मजकूर दुसऱ्याचा असेल, अप्रकाशित असेल, तर त्याच्या जागी भलताच मजकूर टाकून दोष तसाच दिसतो का बघा. लेखकाने विश्वासाने दिलेली हस्तलिखितं अनोळखी माणसांकडे जाऊ द्यायची नाहीत.

उत्तर मिळालं, अडचण सुटली, की परत जाऊन तेवढं लिहायला विसरू नका. नुसते ‘आभारी आहे’ हे शब्द पुरेसे नाहीत. नेमकं काय केल्याने सुटलं ते एका ओळीत लिहा. तीन सूचनांपैकी कुठली लागू पडली हे त्या माणसाला कळतं, आणि पुढच्या वेळी तो तीच आधी सांगतो.

आता प्रोजेक्टरवर ती दोन ओळींची फाइल उघडतो. फॉन्ट जुनाच ठेवलाय. दोन्हीकडे ‘दऱ्या’ लिहिलंय. आधी मागे बसलेल्यांनी सांगा, कुठला बिघडलाय. मग फॉन्ट बदलतो आणि परत विचारतो.